संगणकातील विषाणू : त्यांचे प्रकार व आपली दक्षता

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी विषाणूंवर बोलणे म्हणजे लग्नाच्या मांडवात हकीमसाहेबांनी रोगांची यादी वाचून दाखवण्यासारखे आहे, असे कोणी म्हटल्यास आम्ही त्यांना दोष देणार नाही. परंतु विषय आम्ही जाणूनबुजून निवडला आहे. पन्नास वर्षांपूर्वी अशा संस्थेचा सारा संसार एका लाकडी पेटीत मावत असे. पावतीपुस्तक, कीर्द, खतावणी आणि वर एक पितळी कुलूप. किल्ली खजिनदारांच्या कमरेला, म्हणजे सगळे निर्धास्त. आज सभासदांची यादी संगणकात आहे, देणग्या मोबाईलवरून येतात, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, विधवा भगिनींचे निवृत्तिवेतन आणि शेतकऱ्याच्या तुरीचे पैसे थेट खात्यावर जमा होतात. पेटी बदलली, तेव्हा चोरही बदलला. त्या नव्या चोराची जात-पात, चाल-चलन समजून घेणे हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

विषाणू या शब्दाची ओळख निदान कलबुर्गीकरांना तरी करून द्यावी लागत नाही. मार्च २०२० मध्ये करोनाने आपल्या देशात झालेला पहिला मृत्यू याच शहरातील रहिवाशाचा होता. डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट माणसाच्या शरीरात शिरते, त्याच्याच पेशींना कामाला लावून आपल्या प्रती काढते आणि शेजाऱ्याकडे जाते, हे त्या दिवसांत घरोघरी कळले. संगणकातील विषाणूचे तंत्र हेच आहे. फरक एवढाच, की रोगाचा विषाणू निसर्गातून येतो आणि हा माणूस लिहितो. तो म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची एक यादी. यंत्राला बरे-वाईट कळत नाही. आज्ञा मिळाली की ते पाळते. १९८४ साली फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने आपल्या निबंधात या आज्ञांना विषाणू म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले.

मात्र लोक सरसकट सगळ्यालाच ‘व्हायरस’ म्हणतात, तसे नाही. तापाचे जसे हिवताप, विषमज्वर असे प्रकार असतात आणि प्रत्येकाचे औषध निराळे, तसेच येथेही आहे. प्रकार ओळखला तर तो कोणत्या दारातून येतो ते कळते. आणि दार कळले तर कडी कोठे लावायची ते कळते.

पहिला प्रकार खऱ्या अर्थाने विषाणूचा. हा एकटा जगू शकत नाही. एखाद्या फाईलला किंवा डिस्कला चिकटून तो प्रवास करतो आणि आपण ती उघडली म्हणजे जागा होतो. घरगुती संगणकावर जगभर पसरलेला पहिला विषाणू १९८६ साली लाहोरात लिहिला गेला. त्याचे नाव ‘ब्रेन’. बासित आणि अमजद फारुख अल्वी या दोन भावांचे तेथे संगणकाचे दुकान होते. आपल्या प्रोग्रामच्या चोरून प्रती काढणाऱ्यांना धडा शिकवावा म्हणून आपण तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी त्यात आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! पुढे अमेरिकेतून फोन येऊ लागले तेव्हा आपण काय सोडून दिले आहे, ते त्यांना उमगले.

आपला देशही मागे राहिला नाही. १९९० साली भारतात ‘जोशी’ नावाचा विषाणू आढळला. तो वर्षभर गुपचूप बसे आणि ५ जानेवारीला यंत्र अडवून धरी. ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकलिखित केले, की सुटका. जोशीबुवांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यावाचून त्या दिवशी कारकुनाला काम करता येत नसे. हे ऐकून आपण हसलात, आणि हसण्यासारखे आहेही. त्या काळी विषाणू लिहिणाऱ्यांत खोड्या काढणारेच अधिक होते. फ्लॉपी गेली, आज तिची जागा पेन ड्राइव्हने घेतली आहे. आमच्या मुलांची गुणपत्रिका छापायला जो पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो, तो दिवसभरात पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह लागलेल्या यंत्राला लागतो. दवाखान्यातील एकच सुई सर्वांना टोचण्याचाच हा प्रकार. छापायची फाईल वेगळ्या पेन ड्राइव्हवर न्यावी आणि परत आल्यावर तपासल्याशिवाय घरच्या संगणकाला लावू नये, ही पहिली कडी.

दुसरा प्रकार कृमीचा, ज्याला इंग्रजीत ‘वर्म’ म्हणतात. याला कोणाच्या पाठीवर बसावे लागत नाही. यंत्रे एकमेकांना तारेने जोडलेली असली, की हा स्वतःच एका यंत्रातून दुसऱ्यात सरकतो. बिदरकरांना हे समजावणे सोपे आहे. आपल्या नौबादजवळ बहमनी काळातील करेझ आहे. जमिनीखालून एकच पाट वाहतो आणि वर जागोजागी विहिरीसारखी तोंडे आहेत. एका तोंडात घाण पडली, तर खालच्या सर्व तोंडांना तेच पाणी जाते. इंटरनेट ही साऱ्या जगाची करेझ होय. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने अशी एक कृमी सोडली आणि सुमारे ६,००० यंत्रे ठप्प झाली, असा त्या वेळचा अंदाज आहे. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून ‘आय लव्ह यू’ नावाचे पत्र निघाले. ते पत्र जो उघडी त्याच्या वहीतील सर्व पत्त्यांवर ते आपोआप जाई. लाखो यंत्रांत ते शिरले. लिहिणारा तरुण सापडला. पण त्या देशात तसा कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. आपल्याकडे त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० पासून, माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला. त्याच्या ४३व्या व ६६व्या कलमांनुसार दुसऱ्याच्या संगणकात असा विषाणू लबाडीने सोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘मजा म्हणून केले’ म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे कलम पाठ करून ठेवावे.

तिसरा प्रकार आज सर्वांत घातक आहे. त्याचे नाव ट्रोजन. ग्रीकांच्या जुन्या कथेत ट्रॉय नगराला वेढा पडला होता. तट फुटेना, तेव्हा शत्रूने दाराशी एक सुंदर लाकडी घोडा ठेवला. नगरवासीयांनी तो कौतुकाने आत ओढून घेतला. पोटात सैनिक होते. येथे दार फोडले जात नाही, आपण स्वतः उघडतो. आज तो घोडा मोबाईलवर येतो. लग्नपत्रिका म्हणून येतो, वाहतुकीच्या दंडाची नोटीस म्हणून येतो, बँकेची केवायसी, पीएम किसानचा हप्ता, वीजबिल अशा नावांनी येतो. फाईलच्या नावाच्या शेवटी इंग्रजी ए, पी, के ही तीन अक्षरे असतात. लक्षात ठेवा, लग्नपत्रिका ही चित्र असते किंवा कागद असतो. जी पत्रिका मोबाईलवर ‘इन्स्टॉल’ करावी लागते, ती पत्रिका नव्हे. आणि ती ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून आली म्हणून खरी मानू नये. त्या बिचाऱ्याचा फोन आधीच चोराच्या हाती गेलेला असतो. शंका आली तर फोन करून विचारावे, “काका, तुमच्याकडे खरेच लग्न आहे का?” काका रागावणार नाहीत.

हा घोडा आत शिरला म्हणजे आपल्याला काही परवानग्या मागतो. आलेले संदेश वाचू दे, पडद्यावर काय चालले आहे ते पाहू दे. आपण घाईत ‘होय’, ‘होय’ दाबत जातो. येथून चौथा प्रकार सुरू होतो, तो हेराचा. हेर काही बिघडवत नाही, म्हणून तो कळत नाही. आपण दाबलेली प्रत्येक कळ तो टिपतो, बँकेकडून येणारा ओटीपी आपल्याआधी वाचतो आणि मालकाला कळवतो.

या हेराची करणी कशी असते हे समजण्यास आपल्याला परदेशी जावे लागत नाही. बिदरच्या ज्या मदरशाच्या निळ्या विटा आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो, तो बांधणारा महमूद गवान कसा मारला गेला, हे आठवावे. वैऱ्यांना त्याच्याशी समोरासमोर लढावे लागले नाही. त्यांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला वश केले, कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि वर राजद्रोहाचा मजकूर लिहिला. सुलतानाने शिक्का पाहिला, माणूस पाहिला नाही. १४८१ साली त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. बँकेचे यंत्रही शिक्काच पाहते. पासवर्ड, पिन, ओटीपी हे आपले शिक्के. ते ज्याच्या हाती, तो बँकेच्या लेखी आपणच. तेव्हा ओटीपी सांगू नये इतकेच पुरेसे नाही. आपला संदेश वाचण्याची परवानगीही परक्या ॲपला देऊ नये.

पाचवा प्रकार खंडणीखोर. हा आपल्या सर्व फाईलींना असे कुलूप घालतो की किल्ली त्याच्याकडेच राहते, आणि मग पैसे मागतो. याचा पहिला नमुना १९८९ साली दिसला. एड्स रोगाची माहिती देणाऱ्या म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने पाठवल्या गेल्या. यंत्र ठराविक वेळा सुरू केले की फाईलींची नावे नाहीशी होत आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याचा हुकूम पडद्यावर येई. पुढे १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रे गाठली, इंग्लंडमधील इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. यातील शिकण्यासारखी गोष्ट अशी, की ज्या भोकातून तो शिरला ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, दिली होती. ज्यांनी ती बसवली ते वाचले. मोबाईल किंवा संगणक ‘अपडेट करा’ म्हणतो तेव्हा आपण ‘नंतर’ हे बटण दाबतो. ते ‘नंतर’ किती महाग पडते, याचा हा दाखला.

त्यानंतर महिना-दीड महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ आला. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्राममधून तो निघाला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलवर कंटेनरची ये-जा खोळंबली, कारण ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या डॅनिश कंपनीची यंत्रे जगभर बंद पडली होती. खंडणी मागण्याचा आव आणणारा हा प्रकार वास्तविक नाश करणाराच होता; पैसे देऊनही फाईली परत मिळण्याजोग्या नव्हत्या. मर्स्कच्या साऱ्या यंत्रव्यवस्थेची मुख्य नोंद जगात एकाच ठिकाणी शिल्लक राहिली, आफ्रिकेतील घाना देशात. आणि तीही का, तर हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती म्हणून! ज्या यंत्राची तार जोडलेली नव्हती, ते वाचले. आपल्या भागात वीज जाण्याचे कौतुक कोणी करणार नाही, पण धडा घेण्यासारखा आहे. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत अशा ठिकाणी ठेवावी, जी तारेने कशालाच जोडलेली नाही. ट्रस्टची सभासद यादी आणि जमाखर्च दर महिन्याला वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जुनी लाकडी पेटी अजून कामाची आहे, ती अशी.

सहावा प्रकार वेठबिगाराचा. यात आपले यंत्र चोराचे गुलाम बनते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने घराघरांतील व दुकानांतील कॅमेरे असे पकडले आणि लाखभर यंत्रांकडून एकाच वेळी धडका मारून ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. युक्ती साधी होती. कारखान्यातून येताना कॅमेऱ्याला जो पासवर्ड असतो तो लोकांनी बदललाच नव्हता. आपल्या दुकानांत, प्रार्थनास्थळांत, शाळांत आता कॅमेरे आहेत. बसवणाऱ्या माणसाला त्याच दिवशी पासवर्ड बदलून मागावा.

कोणी म्हणेल, गरिबाच्या मोबाईलचे ठीक; बँका तर पक्क्या असतात. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, जुनी आणि नावाजलेली. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र बँकेला विचारते, ‘देऊ काय?’ आणि बँकेतील ‘स्विच’ नावाची व्यवस्था खाते पाहून होय किंवा नाही सांगते. चोरांनी घातक प्रोग्रामच्या साहाय्याने एक खोटा स्विच मध्ये बसवला, जो प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणे. ११ ऑगस्ट २०१८ या एका दिवसात २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, देशातील यंत्रांतून अडीच कोटी. आणि १३ तारखेला १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेत वळवले गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. येथे पैसे काढणाऱ्या हस्तकांपैकी ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरवून शिक्षा दिली. खातेदारांच्या खात्यांतून मात्र पैसे वजा झाले नाहीत. पुढे जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोराचा हल्ला झाला आणि देशातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे मोबाईल व्यवहार काही काळ थांबवावे लागले. मोठ्या वाड्यालाही चोरदरवाजा असतो, एवढेच यावरून समजावे.

हे सर्व ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. रोग आहेत तसे वैद्यही आहेत. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर फार शिकलेले नव्हते. पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, नंतर संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणारी बरीचशी यंत्रे विषाणूंनी बिघडलेली असत. संगणक शिकणारा त्यांचा धाकटा भाऊ संजय याने त्यावर औषध लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. केंद्र सरकारनेही २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. यंत्र साफ करण्याची साधने तेथे विनामूल्य मिळतात. ही औषधे विषाणूंच्या खुणांची यादी बाळगतात आणि संशयास्पद हालचालीही हेरतात. परंतु ज्याला आपण स्वतः दार उघडून पाटावर बसवले, त्या पाहुण्याला पहारेकरी कितीदा अडवणार?

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चोर दोन गोष्टींवर जगतो. एक आपली घाई आणि दुसरी आपली लाज. घाईबद्दल बोललो. लाजेबद्दल बोलायलाच आम्ही येथे उभे आहोत. शिक्षकी पेशात पालकांशी रोजचा संबंध येतो, म्हणून आम्ही पाहतो, की फसलेला माणूस सांगत नाही. मुले काय म्हणतील, सून काय म्हणेल, चारचौघांत हसे होईल, या भीतीने घरातला कर्ता पुरुष चार-चार दिवस गप्प बसतो. भगिनी तर दागिने मोडून भरपाई करतात, पण तोंड उघडत नाहीत. आणि तेवढ्या वेळात पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाऊन नाहीसा होतो.

वास्तविक पहिला तास सोन्याचा असतो. पैसे गेल्याचे कळताच मोबाईलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून १९३० हा राष्ट्रीय क्रमांक फिरवावा आणि बँकेला कळवावे. तक्रार वेळेवर गेली तर पुढच्या खात्यात पोचलेली रक्कम तेथेच गोठवता येते. बिदर आणि कलबुर्गी दोन्ही जिल्ह्यांत सायबर गुन्ह्यांची स्वतंत्र पोलीस ठाणी आहेत, तेथे जावे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले, की चूक खातेदाराची असली तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसावे. म्हणजे न सांगितलेला प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो आणि सांगितल्यानंतरचा जात नाही.

म्हणून घरातील तरुणांना आमची आग्रहाची विनंती आहे. अब्बा किंवा आजी येऊन म्हणतील, “बेटा, मोबाईलवर काहीतरी झाले,” तेव्हा “तुम्हाला किती वेळा सांगितले!” हे वाक्य उच्चारू नका. त्या एका वाक्याने पुढच्या वेळी त्यांचे तोंड बंद होते. महमूद गवानसारख्या मुत्सद्द्याचा शिक्का चोरला गेला, पण इतिहासाने दोष शिक्का चोरणाऱ्यांना दिला. गवानचे नाव आजही आपण आदराने घेतो. फसवला गेलेला माणूस गुन्हेगार नसतो.

विश्वस्त मंडळींपुढे एक सूचना ठेवतो. वर्षातून एक दिवस आपल्या शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांनी येथे बसावे आणि मोहल्ल्यातील, गावातील वडीलधाऱ्यांचे मोबाईल त्यांच्या समोर तपासून द्यावेत. परके ॲप काढावे, अपडेट करावे, १९३० क्रमांक लिहून द्यावा. खर्च फक्त चहाचा. ज्या समाजाने मुलांना शिकवले, त्या समाजाचे ऋण फेडण्याचा हा सोपा मार्ग आहे. आणि ट्रस्टच्या खात्यातून रक्कम काढताना दोन विश्वस्तांची संमती लागावी, ही जुनी दोन सह्यांची चाल मोबाईलच्या काळातही मोडू नये.

पन्नास वर्षे ही संस्था लोकांच्या भरवशावर चालली. तो भरवसा कोणत्याही यंत्रात साठवता येत नाही आणि म्हणून कोणत्याही विषाणूला तो खाताही येत नाही. मात्र तो आपणच एकमेकांना न विचारता, न सांगता गमावू शकतो. तसे होऊ नये आणि शतकमहोत्सवाला आपली मुले-नातवंडे याच उत्साहाने जमावीत, अशी आमची प्रार्थना आहे.